पाणी तोडलं की मूत्राशय शांत होतं का?

प्रश्न : मी ३८ वर्षांची, अकोला जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. सहा वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरॉसिसचं (एमएस) निदान झालं. चालणं बऱ्यापैकी सावरलंय, पण वर्ष-दीड वर्षापासून लघवीची कळ आली की धरवत नाही. दोनदा वर्गाबाहेर पडेपर्यंत साडी ओली झाली. म्हणून शाळा असली की सकाळपासून पाणी तोडते. दुपारी दोनपर्यंत घोटभरच. तरी घाई कमी नाही, आणि रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. गोळ्यांचा डबा आधीच भरलेला आहे. आणखी एक गोळी न वाढवता काही करता येईल का?

उत्तर : ताई, बरंच करता येईल. पण आधी पाण्याचं बोलू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते दुपारी दोनपर्यंतचं घोटभर पाणी, आणि तेही अकोल्याच्या उन्हात.

कमी प्यायलं की कमी लागेल, हा हिशोब कागदावर बरोबर दिसतो. प्रत्यक्षात लघवी थोडी, गडद आणि तीव्र होते. अशी लघवी मूत्राशयाच्या अस्तराला झोंबते, त्यामुळे ते निम्मंही भरायच्या आत कळ येते. जंतू वाहून जायला पुरेसा प्रवाह मिळत नाही, मग उन्हाळी लागते. शौचाला खडा होतो. एमएसमध्ये बद्धकोष्ठ तसंही पाठीला लागलेलं असतं, आणि भरलेलं गुदाशय शेजारच्या मूत्राशयाला रेटून त्याची जागा खातं. त्यात दोन वाजता शाळा सुटल्यावर राहिलेली सगळी तहान संध्याकाळी भागवली जाते. रात्रीच्या तीन-चार फेऱ्यांमागचं निदान एक कारण तिथेच असावं.

दिवसाला दीड ते दोन लिटर हे साधारण माप. मार्च ते जूनमध्ये घाम जातो तेवढं वर. ते सकाळी उठल्यापासून दर दोन तासांना एक पेला असं वाटून घ्या आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास हात आखडता घ्या. चहा मोजा. आपल्याकडे कप छोटा असतो म्हणून तो हिशोबात धरला जात नाही, पण स्टाफरूममधले चार अर्धे कप म्हणजे दोन पूर्ण कप, आणि कॅफीन मूत्राशयाला चिथावतं. एकदम सोडलात तर डोकं धरेल. आठवड्याला एकेक कमी करा. सोडावॉटर, कोला आणि तिखटानं काहींना त्रास होतो, काहींना मुळीच नाही. त्याची सरसकट पथ्यं मी सांगणार नाही. ज्यानं त्रास होतो ते तुम्हाला चार दिवसांत कळेल.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात एक आकडा नाही आणि त्याच्याशिवाय पुढचा कुठलाच सल्ला पक्का देता येत नाही : लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते?

मूत्राशय भरत असताना त्याची स्नायूंची भिंत सैल राहते आणि खालची झडप आवळलेली असते. रिकामं करताना याच्या नेमकं उलट व्हावं लागतं. ही अदलाबदल ठरवणारं केंद्र मेंदूच्या देठात आहे. बॅरिंग्टन या ब्रिटिश शल्यविशारदानं १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवून दिलं. त्याचे हुकूम पाळणाऱ्या नसा निघतात मज्जारज्जूच्या पार खालच्या टोकातून. म्हणजे लघवीचा संदेश अख्खा मज्जारज्जू उतरून जातो, आणि भरल्याची खबर तेवढाच चढून येते. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते, आणि त्याचे चट्टे मज्जारज्जूवर उमटले की या ये-जा करणाऱ्या संदेशांत खंड पडतो. पायांचे संदेशही याच रस्त्यानं जातात, म्हणून पाय आणि मूत्राशय बहुधा बरोबरच बिघडतात. एमएस असलेल्या दहांपैकी साधारण आठ जणांना कधी ना कधी हा त्रास होतो. ताई, हे अशासाठी सांगतो की साडी ओली होण्यात तुमच्या हलगर्जीपणाचा काही भाग नाही.

बिघाड दोन तऱ्हांचा असतो. एकात मूत्राशय भरायच्या आधीच आकसतं. मेंदूकडून येणारा ‘थांब’ हा निरोप पोचत नाही. दुसऱ्यात ते पूर्ण रिकामं होत नाही. कधी भिंत पुरेसा जोर लावत नाही, तर कधी भिंत आकसते त्याच क्षणी झडपही आवळते : आतला माणूस दार ढकलतोय आणि बाहेरच्यानं कडी धरून ठेवलीय. पंचाईत अशी की बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर मावतं. त्यात दोनशे कायमचं पडून राहिलं तर उरलेली जागा लवकर भरते, मग वरचेवर जावं लागतं, घाई होते, गळतंही. बऱ्याच जणांत दोन्ही बिघाड एकत्र नांदतात. आणि ‘मला तर पूर्ण झाल्यासारखं वाटतं’ ही खात्री पुरेशी नाही, कारण ती खबर देणाऱ्या नसाच अधू झालेल्या असतात.

म्हणून लघवी करून आल्यावरची सोनोग्राफी करून घ्या. साधी, बिनदुखण्याची तपासणी आहे, जिल्ह्याच्या गावी सहज होते. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. सोनोग्राफी सेंटरवर आधी भरपूर पाणी प्यायला लावतात आणि नंबर येईपर्यंत तासभर बसवून ठेवतात. मूत्राशय तट्ट फुगल्यावर ते नीट रिकामं होत नाही, मग उरलेल्या लघवीचा आकडा खोटाच मोठा येतो. ‘नेहमीसारखी लागली की जाऊन येते, मग मोजा’ असं तिथे स्पष्ट सांगा. सोबत लघवीची साधी तपासणी, आणि रक्तातली साखरही. एमएस आहे म्हणून प्रत्येक तक्रार एमएसच्याच खात्यावर टाकायची नसते. मधुमेह कुणालाही होतो.

ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये एमएसमधल्या मूत्राशयासाठी एकमतानं जी सूत्रं मांडली, त्यांत शंभर मिलिलिटर ही रेषा धरली आहे. त्याहून जास्त उरत असेल तर आधी रिकामं करण्याचा बंदोबस्त. ही रेषा गोळीच्याही आधी येते. घाई कमी करणाऱ्या बहुतेक गोळ्या मूत्राशयाची भिंत सैल करतात. आधीच रिकामं न होणारं मूत्राशय त्यानं आणखी तुंबू शकतं. गोळीला माझा विरोध नाही, न मोजता लिहिलेल्या गोळीला आहे.

तुमचा आकडा शंभरच्या आत आला असं धरून पुढचं सांगतो.

तीन दिवस नोंद ठेवा. एक प्लास्टिकचा मापाचा जग न्हाणीघरात ठेवा. किती वाजता गेलात, किती मिलिलिटर झालं, किती प्यायलात, कधी गळलं, एवढंच लिहा. एक दिवस शाळेचा असू दे, एक सुट्टीचा. दिवसभरात सहा ते आठ वेळा जाणं हे सर्वसाधारण. तुमच्या वहीत जर दीड-दीड तासाला शंभर-शंभर असं दिसलं, तर मूत्राशयाला थोड्यावर ओरडायची सवय लागली आहे. आपण भीतीपोटी ‘जाऊन येते, नंतर वेळ मिळेल न मिळेल’ म्हणून वारंवार जातो, त्यानंही ही सवय पक्की होते. तिथून दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटं वाढवत तुम्ही अडीच-तीन तासांवर येऊ शकता.

कळ येते त्या क्षणी काय करायचं, हे तर शिकण्यासारखंच आहे. कळ लाटेसारखी चढते आणि ओसरते, आणि आपण नेमके ती शिखरावर असताना धावत सुटतो. धावल्यानं पोटावरचा दाब वाढतो, आणि पाय ताठरणाऱ्या माणसाला तर पडायला तेवढं पुरतं. त्याऐवजी जागच्या जागी थांबा, जमलं तर खुर्चीच्या कडेवर बसा आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा-सोडा. वायू अडवताना जे आत-वर ओढले जातात ते हे स्नायू. ते आवळले की मूत्राशयाच्या भिंतीला उलट दिशेनं ढिली पडण्याचा निरोप जातो. शरीरातली ही मुळातलीच व्यवस्था आहे. अर्ध्या-एक मिनिटात कळ ओसरेल. मग सावकाश चालत जा. घराच्या दाराशी चप्पल काढताना किंवा नळाचा आवाज ऐकताच कळ उसळते ना? तिथेही हेच.

ते स्नायू त्या घटकेला कामी यावेत म्हणून एरवी कमवावे लागतात. श्वास न कोंडता, मांड्या-कुल्ले न आवळता, जमेल तितके सेकंद (दहापर्यंत) धरून ठेवा आणि तितकीच विश्रांती घ्या. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. एमएसमध्ये स्नायू लवकर थकतात, म्हणून सकाळच्या गार वेळी करा आणि थकल्यावर रेटू नका. तीन महिने झाल्याशिवाय निकाल लावू नका. उत्तर आयर्लंडमध्ये डोरीन मॅक्लर्ग आणि सहकाऱ्यांनी एमएस असलेल्या ७४ जणांवर हे पडताळून पाहिलं (अहवाल २००८ चा). व्यायाम आणि स्नायूंचं काम पडद्यावर दाखवणारं यंत्र एवढ्यानंच गळती जवळपास निम्म्यावर आली. त्याला सौम्य विजेच्या उत्तेजनाची जोड दिलेल्या गटात ती ८५ टक्क्यांच्या आसपास घटली. औषधाचा थेंब न देता इतका फरक पडतो, ही गोष्ट दवाखान्यांत फारशी सांगितली जात नाही. त्यासाठी स्त्रियांच्या ओटीपोटाचे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट शोधा. निदान एकदा तरी प्रत्यक्ष तपासून घ्या, कारण या सूचना वाचून कित्येक जणी नकळत खाली जोर लावतात, म्हणजे हव्या त्याच्या उलट करतात.

रात्रीचं थोडं वेगळं. दिवसभर उभं राहून किंवा खुर्चीत बसून पायांत पाणी उतरतं, आणि आडवं झालं की ते रक्तात परत येऊन लघवी होऊन बाहेर पडतं. शाळेतून आल्यावर तासभर पाय उशांवर उंच ठेवून पडा, म्हणजे ते पाणी झोपण्याआधीच निघून जाईल. पलंग ते न्हाणीघर या वाटेवर रात्रीचा दिवा हवाच. अंधारात घाईनं उठणं आणि हाड मोडणं यांत फार अंतर नसतं. पलंगाशेजारी भांडं ठेवण्यात कमीपणा नाही.

आणि शाळा. साडी नेसायचीच असेल तर परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक लावा. बधिर बोटांनी नाडीची गाठ सोडवत बसण्यात कित्येक वेळा डाव हातचा जातो. पाळीचे पॅड लघवीसाठी केलेले नसतात. त्यासाठीचे वेगळे पॅड औषधांच्या दुकानात मिळतात. अस्वच्छ कमोडवर न टेकता अधांतरी बसलात तर तळाचे स्नायू आवळलेलेच राहतात आणि लघवी अर्धवट होते. तेव्हा सोबत कागद ठेवा, पुसून घ्या, पण नीट बसा. पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, अंग थोडं पुढे झुकलेलं. देशी संडासातली उकिडवी बैठक लघवीला चांगली, पण उठताना पाय साथ देत नसतील तर भिंतीला दांडा बसवून घ्यावाच लागेल.

तो कोणी बसवायचा? २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात मल्टिपल स्क्लेरॉसिस नावानिशी आहे, आणि सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी पुरवल्या पाहिजेत असंही त्यात आहे. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर ती यात बसते. स्वच्छतागृहाजवळचा वर्ग, दोन तासांच्या मधे पाच मिनिटं वर्ग सांभाळायला कोणी, भिंतीला दांडा, या मागण्या अर्जावर लिहा. मुख्याध्यापकांच्या कानात सांगितलेली मागणी बदलीबरोबर जाते. मुंबईत ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या बायकांनी २०११ पासून हा विषय मोठ्यानं बोलायला लावला, तरी रोज सहा तास सरकारी स्वच्छतागृहावर अवलंबून असलेल्या शिक्षिका आजही पाणी तोडूनच वेळ निभावतात, एमएस असो वा नसो.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना एमएस आहे, वय ५२. लघवीला वेळ लागतो, थेंब थेंब होते. सोनोग्राफीत लघवीनंतर २२० मिली उरल्याचं निघालं. डॉक्टर म्हणतात दिवसातून तीनदा स्वतः नळी घालून काढा. हे ऐकायला तयार नाहीत. नळी लागली म्हणजे संपलं, असं त्यांच्या डोक्यात आहे. सासूबाई म्हणतात, ओटीपोट दाबून काढावी. आणि रोज नळी घातली तर जंतुसंसर्ग होणार नाही का? – वाचक, ठाणे

उत्तर : सासूबाईंचा उपाय आधी थांबवा. झडप आवळलेली असताना वरून दाब दिला तर लघवी बाहेर न येता मूत्रपिंडाकडे उलटी चढू शकते. कुंथून जोर लावण्याचंही तेच. ओटीपोटावर हलकं टिचकवणं वेगळं, दाबणं वेगळं. एमएसमध्ये मूत्रपिंडापर्यंत इजा पोचणं तसं विरळ असतं, ते विरळच राहू द्यावं.

दुसरं, वय ५२ आहे. प्रोस्टेट तपासलंय का? थेंब थेंब होण्याचं कारण तिथेही असू शकतं, आणि एमएसच्या रुग्णाच्या फाइलमध्ये ती शक्यता कुणाला सुचतच नाही. मूत्ररोगतज्ज्ञाकडे एक फेरी याच कारणासाठी मारा.

आता नळीबद्दल. कायमची नळी आणि पिशवी लावून फिरणारा माणूस तुमच्या मिस्टरांच्या डोळ्यांसमोर असणार. डॉक्टरांनी सुचवलंय ते निराळं आहे : नळी घालायची, मूत्राशय रिकामं झालं की काढून ठेवायची, दोन-चार मिनिटांचं काम. दुसऱ्या महायुद्धानंतर लुडविग गुटमन इंग्लंडमध्ये स्टोक मॅन्डेव्हिलला मज्जारज्जू तुटलेल्या सैनिकांवर ही पद्धत वापरत, पण तेव्हा ती निर्जंतुक हातमोजे घालून, शस्त्रक्रियेच्या शिस्तीत करायची असा दंडक होता. मग रुग्ण रुग्णालयाशी बांधलेला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये तो दंडक मोडला. त्यांचं म्हणणं असं की मूत्राशय तुंबून ताणलं जातं, भिंतीचा रक्तपुरवठा दबतो आणि तिची प्रतिकारशक्ती जाते, खरं घर जंतूंना तिथे मिळतं. वेळेवर रिकामं होत असेल तर साबणानं धुतलेले हात आणि स्वच्छ नळी एवढं पुरतं. निर्जंतुकीकरणाचा सोपस्कार नको. त्या काळी हे ऐकून सहकारी चपापले होते. आज जगभर हीच पद्धत चालते, आणि मूत्राशयाच्या विकारांत गेल्या शतकात निघालेल्या उपायांत मी ती फार वरच्या जागी ठेवीन. तिनं माणूस रुग्णालयातून घरी आला, घरातून कामावर गेला.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर उलट दिशेनं येतं : दोनशेवीस मिलिलिटर शिळी लघवी आत ठेवण्यानं संसर्गाचा धोका जास्त आहे. नळीनंही संसर्ग होऊ शकतो, पण बहुतेकदा चुकीच्या सवयींमुळे. दिवसातल्या वेळा टाळल्यामुळे, कमी पाणी प्यायल्यामुळे, हात न धुतल्यामुळे.

शिकायला एखाद-दोन बैठका लागतात. परदेशात त्यासाठी खास परिचारिका असतात; आपल्याकडे मूत्ररोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातली अनुभवी सिस्टर ते शिकवते, तिला वेळ मागून घ्या. बोटांत किती ताकद आहे, नजर कशी आहे, मांड्या ताठरून मिटतात का, हे तिथेच पाहिलं जातं. हात अगदीच चालत नसतील तर तुम्ही शिकू शकता, मात्र त्यांची मर्जी असेल तरच. घरातल्या माणसानं ओढूनताणून केलेलं हे काम टिकत नाही. गुळगुळीत लेप दिलेल्या, एकदा वापरून टाकायच्या नळ्या सोयीच्या पण महाग. साध्या नळ्या स्वस्त, त्यांना वंगण जेली लावावी लागते. आपल्याकडे पैशाअभावी बरेच जण एकच नळी धुऊन वापरतात. कंपन्या त्याला परवानगी देत नाहीत, खिसा कधी कधी दुसरं काही ठेवत नाही. तसं करायचं झालं तर धुण्या-वाळवण्याची रीत आणि किती वेळा वापरायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, स्वतःच्या मनानं नको. आणि तीनदा सांगितलंय म्हणजे जन्मभर तीनदा असंही नाही. उरणारं प्रमाण घटलं तर काही जणांना झोपण्याआधी एकदा पुरतं, आणि रात्रीची झोप परत मिळते. नळीला नकार देणारा रुग्ण पुष्कळदा या एका कारणानं राजी होतो.

नळीच्या आधी किंवा बरोबरीनं दुहेरी लघवी करून पाहा : झाल्यावर लगेच उठायचं नाही, मिनिटभर थांबायचं, उभं राहून पुन्हा बसायचं, पुढे-मागे झुकायचं, परत प्रयत्न. पुरुषांनीही बसून करावी, घाई न करता. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मज्जाविकार रुग्णालयात क्लेअर फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ओटीपोटावर टेकवायचं, हातात मावणारं कंपन-यंत्र वापरून पाहिलं होतं. थोडंच उरत असणाऱ्या काहींना त्याचा फायदा झाला. २२० मिलीला ते पुरेल अशी आशा मात्र ठेवू नका.

संसर्गाबद्दल एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी जाणून ठेवावी. एमएसमध्ये अंगाचं तापमान थोडं चढलं तरी अधू झालेल्या नसा संदेश नेईनाशा होतात. विल्हेल्म उटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्ये श्रमानंतर रुग्णांची नजर तेवढ्यापुरती मंदावते हे टिपलं होतं, तोच हा प्रकार. लघवीच्या संसर्गानं ताप आला की पाय एकाएकी लुळे पडतात, नजर धूसर होते, आणि घरचे ‘ॲटॅक आला’ म्हणून स्टेरॉइडच्या सलाइनसाठी धावतात. आधी लघवी तपासा. संसर्ग बरा झाला की बऱ्याचदा ताकद परत येते. उलट बाजूनं, नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू सापडणं नेहमीचं आहे; ताप नाही, आग नाही, अंगात काही फरक नाही, तर निव्वळ रिपोर्ट पाहून प्रतिजैविकं घेऊ नयेत. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीत रक्त किंवा पोट फुगूनही लघवी न होणं, यांपैकी काही झालं तर मात्र रात्रीही रुग्णालय गाठा.

क्रॅनबेरीच्या महागड्या गोळ्या कुणी सुचवल्या असतील तर पैसे वाचवा. फ्रान्समध्ये एमएसच्या १७१ रुग्णांवर नकली गोळीशी तुलना करून पाहिलं (निष्कर्ष २०१४ मध्ये आले), संसर्ग टळण्यात फरक दिसला नाही. धने-जिऱ्याचं पाणी, जवाचं पाणी खुशाल प्या. पाणी पोटात जातं, हा त्यांचा फायदा पक्का आहे.

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची, पुण्यात आयटीत आहे. एमएसमुळे तिला लघवीची घाई होते, शिल्लक राहत नाही असं तपासणीत कळलं. योगवर्गातल्या ताई मूलबंध आणि अश्विनी मुद्रा करायला सांगतात. ते आणि केगेल एकच का? शिवाय कोणीतरी घोट्याजवळ करंट देण्याचा उपचार सांगितला. मूत्राशयाचा घोट्याशी काय संबंध? – एक आई

उत्तर : आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ मध्ये बाळंतपणानंतरच्या गळतीसाठी हे व्यायाम मोजून-मापून मांडले. मूलबंधात आवळायचे स्नायू बरेचसे तेच. अश्विनी मुद्रेत भर गुदद्वाराकडच्या भागावर असतो. केगेलची खरी भर मोजण्यात होती : स्नायू किती जोरात आवळला हे दाखवणारं यंत्र त्यानं बनवलं. योगवर्गात नेमकं तेवढंच राहून जातं. मुलीला मुद्रा आवडत असतील तर त्याच कराव्यात, फक्त धरणं आणि सोडणं दोन्हीला सारखा वेळ द्यावा. ज्यांना स्नायू ढिले सोडताच येत नाहीत, त्यांनी नुसतं आवळत राहिल्यानं लघवी अडू शकते. कपालभाती जोरात करताना गळत असेल तर ती काही दिवस बाजूला ठेवावी. एमएस आणि योगाचं थेट काम म्हणाल तर बंगळूरच्या योगसंशोधकांचा २०१२ चा एक अभ्यास आहे. त्यात अकरा रुग्णांना तीन आठवड्यांच्या योगानं मूत्राशयाच्या तक्रारींत आराम पडला. अकरा जणांवरून फार मोठं काही म्हणता येत नाही, पण नुकसानही दिसलं नाही.

घोट्याचा संबंध खरा आहे. पायाच्या मागच्या बाजूनं उतरून आतल्या घोट्यामागून तळव्याकडे जाणारी नस मज्जारज्जूच्या ज्या मुळांतून निघते, त्यांतलीच काही मुळं मूत्राशयाचीही आहेत. घोट्यापाशी तिला हलका विजेचा झटका देत राहिलं की त्या मुळांपाशी मूत्राशयाची अवेळी उसळी दबते. एक पद्धत सुईची आहे : घोट्याच्या थोडं वर बारीक सुई, अर्धा तास, आठवड्याला एकदा, असे बारा आठवडे. दुसरीत सुई नाही, त्वचेवर चिकटपट्ट्या लावतात. फ्रान्समध्ये एमएसच्या ७० जणांनी रोज वीस मिनिटं घरीच असं तीन महिने केलं आणि त्यांतल्या बहुतेकांची घाई कमी झाली (२०११). मात्र त्यात तुलनेचा दुसरा गट नव्हता, त्यामुळे नुसत्या आशेनं किती वाटलं आणि विजेनं किती झालं, हे वेगळं काढता येत नाही.

तरी पंचविशीतल्या मुलीला, जी अजून गोळी सुरू करू इच्छित नसेल, मी हे करून पाहायला सांगेन. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दुखऱ्या गुडघ्यांना लावतात तेच टेन्स यंत्र यासाठी चालतं. पट्ट्या कुठे लावायच्या आणि करंट किती ठेवायचा हे फिजिओथेरपिस्टनं एकदा दाखवून द्यावं. अंगठा किंचित वळला किंवा तळव्यात मुंग्या आल्या की जागा बरोबर. हृदयात पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर करू नये. तीन महिन्यांत वहीतल्या नोंदी हलल्या नाहीत तर यंत्र परत करावं, म्हणून ते आधी भाड्यानंच घ्या.